कोडातला दुसरा आकडा कोणी वाचणार आहे का?

आज परत तोच फोन. "भाऊ, पोकलेनला ऑइल प्रेशरचा कोड आलाय. सेन्सर मागवून ठेवलाय, तेवढा बसवून द्या." पुढचा आकडा किती होता, विचारलं. एकदम शांतता. मग, "ते नाही पाहिलं, पण सेन्सरच गेलाय. ऑपरेटर म्हणाला."

तळपायाची आग मस्तकात जाते हो! मशीन तासाच्या भाड्यावर चालवता, डिझेलचा थेंब न थेंब मोजता, आणि डिस्प्लेवर दोन आकडे आले तर त्यातला एकच वाचता?

नीट ऐका. आजकालच्या बऱ्याच जड मशीनांच्या इंजिनांत बिघाडाचा कोड जे१९३९ नावाच्या ठरलेल्या पद्धतीने येतो. पहिला आकडा एसपीएन, तो सांगतो दुखणं कुठे आहे. दुसरा एफएमआय, तो सांगतो दुखणं कसलं आहे. एसपीएन १०० म्हणजे ऑइल प्रेशर, ११० म्हणजे कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान, १५७ म्हणजे रेल प्रेशर, इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या पाइपातलं. आता त्यापुढे ३ असेल तर सिग्नलचं व्होल्टेज नको तितकं वर गेलंय, ४ असेल तर खाली बसलंय. ही इलेक्ट्रिकची भानगड: वायर, कनेक्टर, पिन, सेन्सर, यातलं काहीही असू शकतं. पण ऑइल प्रेशरला १ किंवा १८ आला, तर आधी सेन्सरवर विश्वास ठेवा! प्रेशर कमी आहे असंच तो सांगतोय. इंजिन बंद करा म्हणून जो ओरडतोय, त्यालाच तुम्ही काढून फेकता.

विल्होळीकडच्या एका खाणीवर हेच केलं. नवा सेन्सर टाकला, कोड तोच. डुप्लिकेट असेल म्हणून ओरिजिनल मागवला, कोड तोच. मग रोज सकाळी कोड उडवायचा आणि दिवसभर काळ्या दगडावर ब्रेकर ठोकत बसायचं. मला बोलावलं तेव्हा मी आधी डिपस्टिक, ऑइल मोजायची पट्टी, ओढली. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. चिमटीत चोळलं तर बुळबुळीतपणाच नाही, नाकाशी नेलं तर डिझेलचा भपकारा. इंजेक्टरकडून डिझेल ऑइलमध्ये उतरत होतं आणि पातळ झालेलं ते ऑइल प्रेशर धरणार कुठून? मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता बंद करा. मालक म्हणाले, एवढं काम उरकू द्या. उरकलं. बेअरिंगनं धरलं, क्रँक खराब झाला, इंजिन खाली उतरवावं लागलं. दोन्ही सेन्सर मात्र चांगले होते! सेन्सर काढून त्याच जागी साधं गेज लावायचं आणि प्रेशर मोजायचं, एवढंच करायचं होतं. तेवढंही कोणाच्यानं झालं नाही.

आणि जिथे खरंच वायरचा घोळ असतो, तिथेही सेन्सरच बदलायचा! त्र्यंबक रोडला एका मशीनवर ऑइल प्रेशर, बूस्ट (टर्बोच्या हवेचं प्रेशर) आणि रेल प्रेशर असे तीन कोड एकदम आले. इंजिनानं ताकद तोडली, बकेट भरून उचलेना. आधीच्या मेकॅनिकनं तिन्ही सेन्सर बदलले. अरे, तीन सेन्सर एकाच मिनिटाला मरतात का? ईसीएमकडून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरकडून, सेन्सरांना ५ व्होल्ट जातात आणि बऱ्याच इंजिनांत एकच लाइन दोन-तीन सेन्सरांना वाटून दिलेली असते. त्यातलं एक काही शॉर्ट झालं की सगळे एकदम खोटं बोलायला लागतात. मल्टिमीटर ५ व्होल्टवर लावून ठेवायचा आणि एकेक कनेक्टर काढत जायचं. जो काढल्यावर व्होल्टेज परत येतं, तो चोर. सगळे काढूनही येत नसेल तर वायरच्या मागे लागायचं. इथे वायरच होती. हार्नेसची, म्हणजे वायरच्या जुडीची क्लिप तुटलेली, हार्नेस ब्रॅकेटच्या कडेवर घासत होता, वरची जाळी फाटून आतलं तांबं चकचकीत दिसत होतं. टॉर्च मारला असता तरी सापडलं असतं! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, आणि बिल मालकाच्या माथी.

कूलंटच्या दोन वायरच्या सेन्सरला तर काही अक्कलही लागत नाही. कनेक्टर काढला की दुसरा आकडा ३ यायला पाहिजे, कनेक्टरच्या दोन पिना जोडल्या की ४. तसं झालं तर वायरिंग आणि ईसीएम दोन्ही ठीक, आता खुशाल सेन्सर बदला. नाही झालं तर नव्या सेन्सरला हात लावू नका. पाच मिनिटांचं काम आहे. ते सोडून पार्टच्या दुकानात धावायचं!

सगळ्यात संताप येतो तो सुई टोचणाऱ्यांचा. टेस्ट लॅम्पची सुई वायरच्या कातडीत घुसवायची, लाइट लागला की "सप्लाय आहे" म्हणायचं आणि भोक तसंच सोडून जायचं. एका पावसाळ्यात त्या भोकातून पाणी आत जातं, तांबं हिरवं पडतं आणि कोड कधी येतो, कधी जातो. तो शोधता शोधता माझा जीव जातो. इगतपुरीकडच्या पावसात चाललेल्या मशीनवर हे बघा, जिथे टोचलंय तिथेच सडलंय. त्यात वॉशिंगवाले इंजिनवर जोराचा फवारा धरतात, थेट कनेक्टरवर. आणि बकेटला वेल्डिंग करताना बॅटरीची केबल काढायची असते, हे सांगून सांगून तोंड दुखलं. ईसीएम उडालं की मग माझ्याकडे बघतात.

घाई म्हणाल तर सगळ्यांनाच आहे. सिंहस्थाची कामं चालू आहेत, रस्ते काय, घाट काय, मशीन उभी राहिली की ठेकेदार डोक्यावर बसतो. म्हणूनच तर सांगतोय! पार्ट येईपर्यंत मशीन बसते, चुकीचा पार्ट आला की परत बसते. मोजायला अर्धा तास दिला असता तर संध्याकाळच्या आत कामाला लागली असती. फोन करताना दोन्ही आकड्यांचा फोटो पाठवा, कोड उडवू नका, कोणाला वायर कापू देऊ नका. एवढंच मागतोय, बाकी मी बघतो.

आणि डीलरवाल्यांनो, तुम्हालाही सोडत नाही. वायरिंग डायग्राम मागितला की "कंपनीची परवानगी नाही". लॅपटॉप घेऊन तुमचा माणूस येणार चार दिवसांनी, कोड वाचणार आणि सेन्सरचंच कोटेशन देणार. मशीन मालकानं लाखो रुपये मोजून घेतली, तिच्यातली कुठली वायर कुठे जाते हे त्याला कळू द्यायला तुमचं काय जातं? छापून द्या तो डायग्राम, केबिनमध्ये सीटच्या मागे ठेवायला!