डब्यातलं तेल यंत्रात ओतण्याआधी

फॉरवर्ड होत होत सगळीकडे पोचलेला एक मजकूर आहे. त्याचा गोषवारा असा: खाद्यतेल खनिज तेलापेक्षा निसरडं असतं, म्हणून ते कोणत्याही यंत्रात चालतं. शंभर वर्षांपूर्वी विमानं एरंडेलावरच उडत होती. ते सांडलं तरी माती-पाण्याचं काही बिघडत नाही. बाटलीवर ‘बायो’ लिहिलेलं असलं की आत निव्वळ वनस्पतीच. आणि हे सगळं पेट्रोलियम कंपन्यांनी दाबून ठेवलं.

मी वनस्पतिजन्य वंगणांच्या बाजूचाच माणूस आहे, म्हणून तर हा मजकूर जास्त खटकतो. तो वाचून कुणीतरी यंत्रात खाद्यतेल ओतणार, यंत्र जाम होणार आणि खापर फुटणार ते नीट बनवलेल्या जैव वंगणांच्या डोक्यावर.

‘खाद्यतेल जास्त निसरडं असतं.’ हे खरं आहे. वनस्पती तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन साखळ्या. ग्लिसरॉल आणि मेदाम्ल जिथे जोडले जातात तो रेणूचा भाग, म्हणजे एस्टर, धातूला धरून बसतो, त्यामुळे दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकायच्या बेतात आले तरी मध्ये पातळ थर टिकतो. शिवाय तापल्यावर हे तेल खनिज तेलाइतकं पातळ होत नाही. हा गुण दाखवणारा श्यानता निर्देशांक साध्या खनिज तेलाचा १०० च्या आसपास असतो, बऱ्याच वनस्पती तेलांचा २०० च्या आसपास.

‘म्हणून ते कोणत्याही यंत्रात चालतं.’ इथे गाडी घसरते. वंगण पहिल्या दिवशी निसरडं असून भागत नाही, महिनोन्‌महिने तसंच राहावं लागतं. शिलाई मशीनला खाद्यतेल घालून ते काही महिने झाकून ठेवा. चाक हाताने फिरवायला गेलं की अडतं, आणि सुईच्या दांड्यावर पिवळट, नखाने खरवडावा लागेल असा थर दिसतो. तेल उडून गेलेलं नसतं, हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याची राळ झालेली असते. जवसाचं तेल रंगांमध्ये वापरतात ते याच गुणासाठी. ते वाळून कडक होतं. रंगाला हवं ते वंगणाला नको, इतकंच.

दोष साखळीतल्या दुहेरी बंधांचा, म्हणजे दोन कार्बन दुहेरी जोडलेल्या जागांचा आहे. ओलेइक या मेदाम्लात असा एक बंध असतो, लिनोलेइकमध्ये दोन, लिनोलेनिकमध्ये तीन. दोन दुहेरी बंधांच्या मधे सापडलेल्या कार्बनवरचा हायड्रोजन फार सहज सुटतो आणि तिथून ऑक्सिडीकरण सुरू होतं. त्यामुळे लिनोलेइक आम्ल ओलेइकच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त वेगाने खराब होतं, आणि साध्या सूर्यफूल तेलात भर असतो तो लिनोलेइकचाच. उष्णता वाढली की हा वेग आणखी वाढतो. इंजिनात पिस्टनच्या रिंगांपाशी तापमान २०० अंश सेल्सिअसच्या घरात जातं. तिथे डब्यातल्या तेलाचं काय होईल ते वेगळं सांगायला नको. पाणी शिरलं तर एस्टर फुटून आम्लं सुटतात. कडाक्याच्या थंडीत तेल गोठतं ते निराळंच.

यावर उपाय निघालेले आहेत, पण ते रसायनशास्त्राने काढलेले आहेत. ओलेइकचं प्रमाण ८० टक्क्यांवर नेलेल्या सूर्यफुलाच्या जाती आहेत. ग्लिसरॉल काढून त्या जागी ट्रायमिथायलॉलप्रोपेन नावाचं दुसरं अल्कोहोल बसवतात. ग्लिसरॉलच्या मधल्या कार्बनवर जो हायड्रोजन असतो, त्याच्यामुळे रेणू उष्णतेत तुटतो. नव्या रेणूत तो हायड्रोजनच नसतो. वर ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्यं मिसळतात. असं तेल हायड्रॉलिक यंत्रणेत छान काम देतं. तरी सील कोणत्या रबराचे आहेत ते आधी पाहावंच लागतं, कारण एस्टरमुळे काही रबरं फुगतात.

‘विमानं एरंडेलावर उडत होती.’ उडत होती, पण कशी? पहिल्या महायुद्धातल्या रोटरी इंजिनांत क्रँकशाफ्ट स्थिर असे आणि सिलिंडरांचं सगळं कडं पंख्याबरोबर गरगर फिरे. इंधन-हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या पेटीतूनच, पुढे जाई, म्हणून पेट्रोलने धुऊन जाणार नाही असं तेल लागे. एरंडेलात ८५ ते ९० टक्के रिसिनोलेइक आम्ल असतं. त्यावरच्या हायड्रॉक्सिल गटामुळे (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीमुळे) ते पेट्रोलमध्ये सहजी मिसळत नाही. निवड अचूकच होती. पण हे तेल पुन्हा फिरून वापरात येत नसे. एकदा काम केलं की धुराबरोबर बाहेर. त्याचा फवारा वैमानिकाच्या तोंडावर येई, आणि पोटात गेला की एरंडेल आपलं दुसरं काम करी. आजच्या मोटारीत तेच तेल हजारो किलोमीटर फिरत राहायचं असतं.

मजकूर लिहिणाऱ्याने जरा थांबून विचार केला असता, तर या उदाहरणातूनच योग्य जागा सापडली असती. जिथे वंगण एकदाच वापरून बाहेर पडणार, तिथे वनस्पती तेलाला तोड नाही: चेनसॉची (झाडं कापायच्या यांत्रिक करवतीची) साखळी, वळणावरचे रेल्वेचे रूळ. साखळीचं तेल तर थेट जंगलाच्या मातीतच जातं. ऑस्ट्रियात १९९२ पासून चेनसॉच्या साखळीला खनिज तेल वापरायला बंदी आहे, ती याचसाठी.

‘सांडलं तरी काही बिघडत नाही.’ जानेवारी १९९१ मध्ये ‘किम्या’ नावाचं जहाज वेल्समधल्या अँगलसी बेटाजवळ बुडालं. त्यात सूर्यफूल तेल होतं. किनाऱ्यावरचे शिंपले मेले, आणि तेलाचे वाळूत मिसळून सिमेंटसारखे कडक गोळे झाले. तेल कोणतंही असो, पक्ष्याच्या पिसांना चिकटलं की ऊब जाते, आणि पाण्यात कुजताना ते ऑक्सिजन खातं. वनस्पती तेलाचं जैवविघटन खनिज तेलापेक्षा खूप लवकर होतं हे निर्विवाद आहे. सहज जैवविघटनशील म्हणवून घ्यायला प्रमाणित चाचणीत २८ दिवसांत ६० टक्के विघटन दाखवावं लागतं, आणि ही तेलं ते सहसा दाखवतात. पण ही चाचणी ताज्या तेलाची असते. यंत्रात फिरलेल्या तेलात झिजलेल्या धातूचे कण असतात, ते कोणताही जिवाणू पचवत नाही.

‘बायो म्हणजे निव्वळ वनस्पती.’ युरोपीय मानकानुसार जैव वंगणात जैविक स्रोताचा वाटा २५ टक्के असला तरी पुरतो. बाटलीची मागची बाजू वाचा.

‘कंपन्यांनी दाबून ठेवलं.’ ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल. जगात सर्वाधिक खपणाऱ्या लिथियम ग्रीसमधला हा साबण बहुतेक करून १२-हायड्रॉक्सिस्टिअरिक आम्लाचा असतो, आणि ते आम्ल एरंडेलाला हायड्रोजन जोडून मिळतं. १९४० च्या दशकापासून हे चालू आहे. पेट्रोलियम कंपन्या स्वतःच ते ग्रीस बनवतात आणि उघडपणे विकतात. हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांपैकी अनेकांच्या गाड्यांच्या चाकांतल्या बेअरिंगांत ते आत्ताही भरलेलं असेल.