बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद!

बाबांच्या बीपीच्या मशीनचे सेल संपले म्हणून टेबलाचा खण उघडला, तर आत गोळ्यांची स्ट्रिप. चौदातल्या अकरा गोळ्या जागच्या जागी. दोन आठवड्यांपूर्वी ती मीच आणून दिली होती, म्हणजे एव्हाना रिकामी होऊन कचऱ्यात जायला हवी होती.

"बाबा, हे काय?"

"अगं, बीपी नॉर्मल येतंय आता. मग उगाच कशाला पोटात औषध ढकलायचं?"

डोक्यात तिडीक गेली माझ्या. नॉर्मल येतंय ते कशामुळे येतंय? गाडी उतारावर उभी आहे, हँडब्रेक लावलाय म्हणून ती थांबलीय, आणि आमचे बाबा म्हणतात, गाडी थांबलीच आहे तर ब्रेक कशाला? काढ तो! बरं, हा माणूस अडाणी असता तर गोष्ट वेगळी. घरातला गॅसचा हिशेब, विजेच्या बिलातली चूक, बँकेच्या व्याजातला फरक, सगळं कागदावर मांडून दाखवणारा माणूस हा. पण बीपी म्हटलं की ती सगळी हुशारी कुठे गहाण पडते कोण जाणे.

आणि हे फक्त आमच्या घरचं नाही, म्हणून जास्त संताप होतो. ज्याच्या ज्याच्या घरी विचारावं तिथे एक तरी महाभाग असा निघतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ३० ते ७९ वयाच्या सव्वाशे कोटींहून जास्त लोकांना उच्च रक्तदाब आहे, आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना तो असल्याचाच पत्ता नाही. नीट आटोक्यात आहे तो पाचातल्या एखाद्याचा. ज्यांना पत्ताच नाही त्यांना काय बोलणार? पण ज्यांना कळलंय, ज्यांच्या हातात गोळी आहे, शेजारी पाण्याचा ग्लास आहे, त्यांना काय धाड भरलीय?

यातली खरी गोम सांगते. बाबांना ॲम्लोडिपिन आहे. ही गोळी शरीरात रेंगाळते. तिचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण ३० ते ५० तास लागतात. म्हणजे आज गोळी बंद केली तर उद्या मशीन तोच आकडा दाखवतं, परवाही फारसा फरक नाही. झालं! बाबांचा प्रयोग यशस्वी. "बघ, तीन दिवस नाही घेतली, काय झालं?" अहो, आधीच्या गोळ्यांची उधारी चाललीय ती! मग हळूहळू, आठवडाभरात, ये रे माझ्या मागल्या. तोवर यांनी मशीन कपाटात ठेवून दिलेलं असतं, कारण आता बीपी "बरं झालंय". आणि ही तर त्यातल्या त्यात सौम्य तऱ्हा. काही गोळ्या अशा असतात की एकदम थांबवल्या तर बीपी उसळी मारून पूर्वीपेक्षाही वर जातं. क्लोनिडिन तशी. काही हृदयविकारांत देतात त्या बीटा ब्लॉकर गोळ्याही अचानक सोडायच्या नसतात. पण कुठली गोळी कसली हे बघायला कोण बसलंय? पांढरी छोटी गोळी, एवढीच तिची ओळख.

"मला काही होत नाही गं. डोकं दुखत नाही, चक्कर नाही."

या वाक्याने तर माझं अर्धं आयुष्य खाल्लंय. बीपी दुखत नाही, बाबा! बहुतेकांना १६० असतानाही काही जाणवत नाही. रक्तवाहिनी आतून वर्षानुवर्षं कडक होत जाते, हृदयाचा डावा कप्पा जास्त जोर लावून लावून जाड होतो, मूत्रपिंडांची गाळणी झिजते, डोळ्यांच्या पडद्यावरच्या बारीक शिरा खराब होतात, आणि यातलं एकही काम आवाज करून होत नाही. पहिला आवाज होतो तो कधीकधी थेट पक्षाघाताचा. तेव्हा मग सगळे म्हणतात, "काल तर चांगले होते!"

फ्रँकलिन रूझवेल्ट. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष, दुसऱ्या महायुद्धातला. १९४४ च्या मार्चमध्ये त्याला तपासलं तेव्हा बीपी १८६/१०८ निघालं. बाहेर सगळ्यांना सांगितलं जात होतं की तब्येत उत्तम आहे. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला, तेव्हा ३००/१९० अशी नोंद झाली होती. दिमतीला डॉक्टर होते, पण रोज घेता येईल अशी धड गोळी तेव्हा जगात नव्हतीच. बऱ्यापैकी सोसवणारी पहिली गोळी आली १९५० च्या दशकाच्या शेवटी. म्हणजे जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला जे मिळालं नाही, ते आमच्या बाबांनी सेलांच्या खाली दडवून ठेवलंय. हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "त्यांच्या डोक्याला ताप किती होता, मला कसला आलाय?" पुढे काय बोलणार!

आता मोजण्याचा सोहळा. तो बघायचाच असतो. बाबा जिना चढून येतात, धापा टाकत सोफ्यावर बसतात, पायावर पाय टाकतात, स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळतात आणि मशीन घरघरायला लागलं की बोलायला सुरुवात. आईला चहाचं सांगतात, मला विचारतात फोन कुणाचा होता. आकडा येतो १५१. "मशीन बिघडलंय." पुन्हा. १४६. "सेल उतरलेत." आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! सेल उतरल्यावर मशीन बंद पडतं, बाबा, तुमचं बीपी चढवत नाही. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. शेवटी त्यांना एक युक्ती सापडलीय, ती परवा मला कळली. हात सोफ्याच्या पाठीवर टाकायचा, ऐटीत, फोटोला बसल्यासारखा. मग येतं १२८! तोच आकडा वहीत जातो.

त्यामागचं साधं गणित असं: दंडाचा पट्टा हृदयाच्या पातळीला हवा. त्यापेक्षा १० सेंटीमीटर वर गेला की आकडा साधारण ७-८ ने खाली दिसतो, खाली लोंबला की तेवढाच वर. सोफ्याची पाठ हृदयापासून वीत-दीड वीत उंच. म्हणजे बाबांचं बीपी उतरलं नाही, त्यांचा हात चढला! हे ऐकवलं तेव्हा पहिल्यांदा ते गप्प बसले. दोन मिनिटं. मग म्हणाले, "पण चहा थंड झाला."

मोजायची पद्धत काही अवघड नाही हो. पाच मिनिटं शांत बसायचं. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. पट्टा उघड्या दंडावर, आणि दंडाच्या मापाचा, कारण लहान पट्टा जाड दंडावर आवळला की आकडा खोटाच वर येतो. हात टेबलावर टेकवून ठेवायचा. लघवीला जाऊन यायचं आधी. मागच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम काही नको. आणि तोंड बंद! मिनिटभराने पुन्हा एकदा मोजायचं, दोन्ही आकडे लिहायचे. आवडलेला नव्हे, दोन्ही. आमच्याकडे यातलं सगळ्यात अवघड कलम तोंड बंद हे आहे.

आत्याचं उलटं. तिला दिवसातून पंधरा वेळा मोजायचं असतं. सकाळी १३२ आलं की घाबरते, घाबरली की १४० येतं, मग आणखी घाबरते. रात्री फोन, "अगं, माझं खालचं आज ८६ आहे!" बीपी दिवसभर खालीवर होणारच, ते काय भिंतीवरचं कॅलेंडर आहे का? डॉक्टरांना एक आकडा नको असतो, आठवड्याभराची सरासरी हवी असते. पण बहीण-भाऊ दोघं मिळून मला वेड लावणार हे नक्की. एक मोजतो आणि खोटं लिहितो, दुसरी खरं लिहिते आणि झोपत नाही.

दवाखान्यांनाही सोडणार नाही मी. मागच्या खेपेला बाबांना घेऊन गेले, बाहेर तासभर ताटकळलो, आत गेल्या गेल्या उभ्या उभ्या शर्टाच्या बाहीवरून पट्टा, अर्ध्या मिनिटात आकडा, कागदावर खरडला, पुढचा पेशंट. पाच मिनिटं बसवायचं वगैरे राहिलं पुस्तकात. आणि "ही गोळी का, किती दिवस, थांबवली तर काय" हे समजावून सांगायला अर्धं मिनिटही नाही. माणूस घरी येऊन स्वतःची डॉक्टरकी करतो यात नवल काय? बाबांचे पाय संध्याकाळी सुजायचे. ॲम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात, हा ठाऊक असलेला त्रास आहे. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. पण कुणी आधी सांगितलंच नाही. बाबांना वाटलं, गोळी किडनीवर गेली. आता विचार करते तेव्हा वाटतं, खणातल्या त्या स्ट्रिपचं अर्धं मूळ इथेच असणार. पण मग मला सांगायचं होतं की नाही? मुलगी घरात आहे, फोन हातात आहे, दडवायचं कशाला?

उरलेलं मूळ आहे ग्रुपवरचे फॉरवर्ड. "बीपीची गोळी एकदा सुरू केली की सवय लागते, आयुष्यभर सुटत नाही." सवय नव्हे हो, गरज! दारूची सवय लागते. आजार टिकून राहतो म्हणून औषधही टिकून राहतं. आणि कमी होतच नाही असंही नाही. वजन उतरवलं, मीठ कमी केलं, रोज चाललं, तर डॉक्टर डोस कमी करतात, काहींची गोळी थांबतेही. डॉक्टर थांबवतात, पण मोजून, बघून. खण थांबवत नाही. पण मीठ कमी करा म्हटलं की चेहरा बघा. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि त्यात पाकिटातल्या खाऱ्या पदार्थांचं, ब्रेडचं, सॉसचं मीठही आलं. तर बाबांनी गुलाबी मीठ आणलं. "हे चालतं." नाही चालत! रंग गुलाबी असला तरी आत सोडियम क्लोराइडच आहे. आणि ते कमी सोडियमचं मीठ आणूया असं दादाने सुचवलं, तेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, त्यात पोटॅशियम असतं आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असलेल्यांना ते भोवू शकतं.

आणि गुडघा! गुडघा दुखला की हाच माणूस, ज्याला एक बीपीची गोळी "उगाच पोटात ढकलणं" वाटते, दिवसाला दोन-दोन डायक्लोफेनॅक बिनदिक्कत घेतो. ती दुखण्याची गोळी बीपी वाढवू शकते, काही बीपीच्या गोळ्यांचा जोर कमी करते आणि मूत्रपिंडाला खरा त्रास देते. पण तिने दुखणं थांबतं, म्हणजे ती चांगली! बीपीच्या गोळीने काहीच कळत नाही, म्हणजे ती वाईट! बिचारीचा गुन्हा एवढाच की ती आपलं काम गपचूप करते.

तर काल बाबांना बसवलं. खुर्चीवर, सोफ्यावर नाही. स्वेटर काढायला लावला, पाय जमिनीवर, हात टेबलावर, पाच मिनिटं घड्याळ लावून. आईला आणि मला बोलायची बंदी. बाबा तोंड मिटून बसले होते, पण भुवयांनी बोलत होते. पहिल्यांदा १६८/९८. मिनिटभराने १६५/९६. कुणी काही बोललं नाही. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी गोळी लगेच सुरू करायला सांगितली आणि गुरुवारी बोलावलं, पायांच्या सुजेचंही बघू म्हणाले. बाबांनी माझ्यासमोर गोळी घेतली, पाणी प्यायले, जीभ काढून दाखवली, लहान पोरासारखी.

रात्री त्यांची वही चाळली. आखून रकाने केलेत, तारीख, वेळ, वरचं, खालचं, आणि शेवटी शेरा. मागचे सगळे शेरे "उत्तम", "उत्तम", "मशीनमध्ये दोष", "उत्तम". कालच्या तारखेपुढे सुबक अक्षरात दोन्ही आकडे खरे लिहिलेत, खाडाखोड नाही. आणि शेऱ्यात: "मुलगी ओरडल्यामुळे."

वही गुरुवारी मी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवणार आहे, उघडी.