ती निळी पाल विकत मागू नका

आज सकाळी कोणीतरी एका निळ्याशार पालीची चित्रफीत पाठवली आणि तिच्याखाली "किती गोड! कुठे मिळेल?" असे विचारणाऱ्यांची रांग पाहून माझे डोके भणाणले. ही पाल मिळते ती टांझानियात, उलुगुरू डोंगरांच्या पायथ्याशी, जेमतेम चार चौरस किलोमीटरच्या किंबोझा जंगलात आणि आसपास उरलेल्या रानाच्या मोजक्या तुकड्यांत. जगाच्या पाठीवर इतरत्र कुठेही नाही.

काही वर्षांपूर्वी एका परिचितांच्या घरी, काचेच्या पेटीत, मी ती प्रत्यक्ष पाहिली होती. बोटाएवढा नर, आणि निळा मुळीच नाही, काळपट करडा. "घाबरला की असाच काळवंडतो, थोड्या वेळाने बघा कसा खुलतो," असे ते कौतुकाने म्हणाले. मी बराच वेळ थांबले. तो काचेला पंजे चिकटवून कोपऱ्यात तसाच राहिला.

रानात ही पाल केवड्याच्या कुळातल्या एका झाडावर राहते, त्याच्या लांब काटेरी पानांच्या बेचक्यांत लपते. त्या काट्यांत हात घालण्याऐवजी पकडणारे सरळ झाडच तोडून आडवे करत, म्हणजे पाल तर गेलीच, शिवाय मागे राहिलेल्यांचे घरही गेले. २००४ ते २००९ या काळात एकाच टोळीने तीस हजारांहून अधिक पाली नेल्या. तीस हजार! आणि कशासाठी, तर परदेशी हौशी लोकांच्या पेट्या सजवण्यासाठी!

पकडणाऱ्यांचे पोट त्यावर चालत होते, हे मान्य. पेटीतच जन्मलेल्या पालीही मिळतात, तेही खरे. पण रानातून ओरबाडलेली पाल "आमच्याकडेच जन्मलेली" म्हणून खपवली जात होती, आणि घेणाऱ्यांना ते ऐकून घेणेच सोयीचे होते. २०१२ साली ती अतिसंकटग्रस्त ठरली. रानातल्या पालींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स करारान्वये (संकटातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराला आळा घालणारा देशादेशांमधला करार) बंदी यायला मात्र २०१७ उजाडले. तोवर किती झाडे आडवी झाली असतील, या विचाराने आजही संताप होतो.

रागावून लिहिते आहे खरी, पण त्या दिवशी मीही वेगळे काय केले? निघताना मी तो काय खातो ते विचारले, किती वर्षे जगतो ते विचारले. तो आला कुठून, हे मात्र मला विचारावेसे वाटले नाही. आज "कुठे मिळेल" असे लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी किंबोझाचे नाव आणि त्या तोडलेल्या झाडांची हकिगत कळवली आहे.