फेराइट लावूनही आवाज जात नाही? फोंड्याच्या वाचकांना उत्तर

नमस्कार,

घरातल्या उपकरणांमुळे हॅम रेडिओवर (परवाना घेऊन छंद म्हणून चालवायच्या बिनतारी संचावर) येणाऱ्या खरखरीबद्दल मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. सही नुसती 'एक फोंडेकर' अशी आहे, त्यामुळे नाव घेऊन बोलता येत नाही; पण मुद्दे रोखठोक आहेत, तेव्हा उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लेख वाचून क्लिपचे दोन फेराइट (वायरीतून येणारी खरखर अडवणारा चुंबकीय पदार्थ; क्लिप किंवा कड्याच्या रूपात मिळतो) मागवले, एक राउटरच्या अडॅप्टरला लावला, एक फ्रिजच्या वायरला, आणि ४० मीटर बँडवरचा (७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) आवाज काडीभरही हलला नाही. खरा उपाय चांगलं अर्थिंग, त्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. आणि आपल्या छंदापायी शेजाऱ्याला दिवे बदलायला सांगणं हा निव्वळ आगाऊपणा.

आधी मला सांगा, राउटर आणि फ्रिज हीच दोन उपकरणं तुम्ही कशावरून निवडलीत? प्रतिक्रियेत ते कुठेच नाही, आणि मला वाटतं गोम तिथेच आहे. आवाज बेडरूममधल्या एलईडी दिव्याचा असेल आणि फेराइट फ्रिजला, तर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. लेखात शोधाचा भाग मी मुद्दाम फेराइटच्या आधी ठेवला होता. लोक तो ओलांडून सरळ खरेदीकडे जातात, याला माझा इलाज नाही.

शोध असा. रिग, म्हणजे रेडिओ संच, बॅटरीवर घ्या, ७.१ मेगाहर्ट्झच्या आसपास रिकामी जागा बघून एस-मीटरचा (येणाऱ्या लहरीचा जोर एस १ ते एस ९ असा दाखवणारा) आकडा लिहून ठेवा आणि घराचा मेन स्विच पाडा. इथे गोव्यातल्या घरांत एक हमखास फसगत होते. पावसाळ्यात वीज जाते म्हणून घरोघरी इन्व्हर्टर असतो. मेन पाडला की तो लगेच सुरू होतो, आणि स्वस्तातला स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टर हा स्वतःच मोठा गोंगाट्या. मग माणूस म्हणतो, मेन बंद केला तरी आवाज आहे, म्हणजे तो बाहेरचाच! तेव्हा आधी इन्व्हर्टर बंद, राउटरचा छोटा यूपीएस असेल तर त्याचीही पिन काढा, मग मेन पाडा. आवाज पडला तर चोर घरात. आता एकेक एमसीबी (मेन बोर्डावरचा त्या-त्या लाइनचा स्विच) वर करा. ज्याने मीटर उसळला त्या लाइनवरचे प्लग एकेक करून काढत जा. रिमोटने बंद केलेला टीव्ही बंद धरू नका, भिंतीवरचा स्विच बंद करा. फोन न लावता नुसता खोचून ठेवलेला चार्जरही बोलतो.

आवाजाच्या वागण्यावरूनही बरंच कळतं. अडॅप्टर आणि एलईडीचे ड्रायव्हर बँडवर ठरावीक अंतराने फुगवटे उठवतात आणि तापले की ते हळूहळू सरकतात, कारण आतलं स्विचिंग काही दहा ते शेकडो किलोहर्ट्झवर चालतं आणि त्याच्या पटी थेट आपल्या बँडपर्यंत पोचतात. पंख्याचा वेग बदलल्यावर आवाजाचा सूर बदलला तर बीएलडीसी (आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला) पंखा. सूर्याबरोबर उगवतो आणि मावळतो तो छपरावरचा सोलर. चवथीच्या दिवसांत अचानक वाढला तर गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीभोवतीच्या रोषणाईच्या माळा बघा.

आता फेराइट. क्लिपमधून वायर एकदा पार जाते. ७ मेगाहर्ट्झवर अशा एका क्लिपचा अडथळा फार तर काही दहा ओहमचा. आपल्याला हवा असतो निदान हजाराच्या घरातला. अडथळा वेढ्यांच्या वर्गाप्रमाणे वाढतो: त्याच कड्यातून वायर आठ वेळा फिरवली तर चौसष्ट पटींपर्यंत जातो. म्हणून मी मोठ्या व्यासाचं, मिक्स ३१ चं (फेराइटच्या एका प्रकारचं) कडं सांगितलं होतं. क्लिपवर मिक्सचा उल्लेख नसेल तर ती बहुधा व्हीएचएफसाठीची (३० मेगाहर्ट्झच्या वरची) असते, ४० मीटरवर शोभेपुरती. जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून निघणारी पिवळी-पांढरी कडी पण नकोत. ती लोहचूर्णाची असतात, फेराइटची नाहीत. फेज, न्यूट्रल आणि अर्थ तिन्ही वायरी एकत्रच कड्यातून फिरवा, म्हणजे ५० हर्ट्झचा जाणारा-येणारा प्रवाह एकमेकांना खोडतो आणि कडं संपृक्त होत नाही, म्हणजे चुंबकत्वाने भरून निकामी होत नाही. कडं उपकरणाच्या अगदी जवळ हवं. फ्रिजपासून दोन मीटरवर लावलं तर मधली वायर ॲन्टेनाच राहिली.

खर्चाबद्दल तुमचा सूर कळला. ही कडी महाग पडतात, खरं आहे. पण चोर एकदा हाती लागला की बऱ्याचदा कडं लागतच नाही. अडॅप्टर दोषी असेल तर त्याच व्होल्टेजचा जुन्या पद्धतीचा, आत ट्रान्सफॉर्मर असलेला जड अडॅप्टर लावा आणि विषय मिटवा. एकच कडं परवडत असेल तर ते डायपोलच्या (दोन हातांच्या तारेच्या ॲन्टेनाच्या) मधोमध, कोॲक्स केबल जोडतो तिथे वापरा, म्हणजे कोॲक्सची बाहेरची जाळी घरातला कचरा वर ओढून नेणार नाही. आणि डायपोल घराच्या पागोळीवरून काढून मागच्या दोन माडांवर नेता आला, तर त्याइतकं स्वस्त औषध दुसरं नाही.

अर्थिंगवर मात्र आपलं जमणार नाही. अर्थिंग जीव वाचवण्यासाठी आहे आणि ते उत्तमच हवं. आपल्या चिऱ्याच्या जमिनीत मार्च-एप्रिलपासून खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालत राहायलाच हवं. पण रेडिओचा आवाज त्या वाटेने जमिनीत जात नाही. ७.१ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ४२ मीटर, तिचा पाव भाग साडेदहा मीटर. दुसऱ्या मजल्यावरून खड्ड्यापर्यंत उतरणारी अर्थची वायर साधारण तेवढीच भरते. पाव लांबीची वायर खाली जमिनीला टेकली की वरच्या टोकाला अडथळा प्रचंड असतो. म्हणजे तुमच्या टेबलापाशी, ४० मीटरपुरतं, अर्थ नाहीच. उलट भिंतीतून उतरणारा एक उभा ॲन्टेना आहे. तयार मेन फिल्टरला अर्थ लागतो हे बरोबर, पण तो उपकरणाच्या धातूच्या पेटीशी, चार बोटांच्या अंतरात. असे बरेच फिल्टर लावले तर त्यांच्या कपॅसिटरमधून झिरपणारा प्रवाह साचून ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (प्रवाह गळला की वीज तोडणारा स्विच) पडायला लागतो, तेही लक्षात ठेवा. आवाज कमी होतो म्हणून अर्थची पिन कापणारे महाभागही मी पाहिले आहेत. तसलं कृपा करून काही करू नका.

राहिला शेजाऱ्याचा प्रश्न. 'मार्क असलेला चांगला दिवा घेतलाय, त्याला नावं कोण ठेवणार?' असं तुम्ही विचारता. भारतात एलईडी दिव्यावरची सक्तीची नोंदणी मुख्यतः सुरक्षेसाठी आहे. आणि सीआयएसपीआर या आंतरराष्ट्रीय समितीच्या मर्यादेत बसणारा दिवासुद्धा आपल्याला ऐकू येऊ शकतो: ५ ते ३० मेगाहर्ट्झमध्ये वायरीवर १ मिलिव्होल्टपर्यंत आवाज त्यात चालतो, आणि आपला एस ९ म्हणजे ५० मायक्रोव्होल्ट. तेव्हा दोष शेजाऱ्याचा नाहीच, आणि म्हणूनच तक्रारीच्या सुरात जायचं नसतं.

आमच्या शेजारच्या काकींच्या बल्कांवातली (घरापुढच्या सोप्यातली) ट्यूब मला एस ७ देत होती. मी हॅमचं नावही काढलं नाही. त्यांचाच खिशातला रेडिओ मध्यम लहरीवर लावून ट्यूबजवळ धरला, मग ट्यूब बंद केली. खरखर थांबून बातम्या स्वच्छ ऐकू आल्या. "हो आवाज आमच्या दिव्याचो?" असं म्हणून त्यांनीच मुलाला दुसरी ट्यूब आणायला पिटाळलं. जुनी मी नव्या ट्यूबच्या पैशांत विकत घेतली, आता ती माझ्याकडे कडी तपासायला कामी येते. याला आगाऊपणा म्हणायचं तर म्हणा.

आपल्या घरात काही सापडलं नाही तरच शेजाऱ्याकडे जायचं, आणि तिथेही नसेल तर खांबाकडे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने वीज गेली तेव्हा बॅटरीवर ४० मीटर लावून बघितलं होतं; इतका शांत बँड एरवी इथे मिळत नाही. विजेच्या तारांचा आवाज सेकंदाला शंभर वेळा कडकडणारा, एकसुरी, सुक्या दिवसांत वाढणारा आणि सततच्या पावसात बहुधा गप्प होणारा. ढिली तार किंवा तडकलेला इन्सुलेटर असतो. खांबाचा क्रमांक टिपून वीज खात्याला कळवा. खांबाला हातोडी मारून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

इन्व्हर्टर आणि मेन दोन्ही बंद केल्यावर तुमचा मीटर कितीवर थांबतो, तेवढं कळवा. त्यावरून कडं कुठे लावायचं की लावायचंच नाही, ते पुढे बघू. त्या दोन क्लिपा टाकून देऊ नका, २ मीटरच्या (व्हीएचएफ) रिगला माइकच्या वायरीवर चालतील.