खोकून ठोके ताळ्यावर येत नाहीत

लातूर-बीडकडच्या ग्रुपांवर सोयाबीनच्या भावाच्या जोडीने सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात चार दावे आहेत. ईसीजीवर ‘नॉर्मल’ छापून आलं की हृदय ठणठणीत. पेशंट नीट बोलत असेल तर वाढलेले ठोके गॅसचे. ठोके बिघडले की जोरजोरात खोकत राहा. आणि मॉनिटरवरची रेघ सपाट झाली की शॉक द्यायचा.

पहिल्याचं बघू. साधा ईसीजी ही साधारण दहा सेकंदांची नोंद. सकाळी धडधड होऊन माणूस शेतात पडला आणि तालुक्याला पोचेपर्यंत ठोके जागेवर आले, तर कागद स्वच्छच निघणार. म्हणून तर होल्टर, म्हणजे अंगावर बांधायचं ईसीजीचं छोटं यंत्र, चोवीस तास लावतात. शिवाय ते ‘नॉर्मल’ मशीनने छापलेलं असतं, डॉक्टरांनी नव्हे.

दुसरा दावा जीव घेणारा आहे. ईसीजीच्या कागदावर आडवा एक छोटा चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद. क्यूआरएस, म्हणजे प्रत्येक ठोक्याचं उंच टोक, तीन चौकोनांहून रुंद, ठोके नियमित आणि मिनिटाला दीडशेच्या पुढे असतील, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ती व्हीटीच (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणारी धोक्याची धडधड) धरायची. आधी अटॅक येऊन गेला असेल तर जास्तच. असा पेशंट कॉटवर बसून चहा मागतो, बीपीही चांगलं असतं, आणि तिथेच बघणारे फसतात. ठोके कमी करायला कुणी व्हेरापॅमिल टोचलं की बीपी कोसळतं. हातपाय थरथरले तरी कागदावर असंच चित्र उमटू शकतं, हेही खरं; पण त्या गिचमिडीत क्यूआरएसची टोकं ठरावीक अंतरावर दिसत राहतात, आणि नाडी त्यांच्याशी जुळते.

कापसावर फवारणी करताना विषबाधा झालेल्याचंही तेच. तो बोलत असला तरी ऑर्गनोफॉस्फेट या कीटकनाशकातल्या विषाने क्यूटी, म्हणजे क्यूआरएसच्या सुरुवातीपासून त्यामागच्या टी लाटेच्या शेवटापर्यंतचा वेळ, लांबते. क्यूटीसी (ठोक्यांच्या वेगानुसार दुरुस्त केलेली क्यूटी) ५०० मिलिसेकंदांच्या वर गेली तर मॉनिटर काढायचा नाही. डायलिसिस चुकलं की रक्तात पोटॅशियम वाढतं; अशा पेशंटच्या कागदावर टी लाट उंच, टोकदार आणि क्यूआरएस रुंद दिसली तर पोटॅशियमच्या रिपोर्टची वाट बघत बसू नये, आधी कॅल्शियम द्यावं.

खोकण्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीत, मॉनिटर लावलेला असताना डॉक्टर कधी कधी खोकायला सांगतात. घरी त्यात फक्त वेळ जातो. माणूस बेशुद्ध पडला आणि श्वास नसेल, तर १०८ ला फोन आणि लगेच छातीच्या मधोमध दाब, मिनिटाला १०० ते १२० वेळा.

राहिला शॉक. तो व्हीएफच्या (हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरतात, त्या अवस्थेच्या) वेड्यावाकड्या थरथरीला आणि नाडी नसलेल्या व्हीटीला देतात. सपाट रेघेला छाती दाबणं आणि अ‍ॅड्रेनॅलिन. दाबणं चालू असतानाच दुसऱ्याने छातीवरची वायर सुटून रेघ सपाट दिसत नाही ना, तेवढं बघावं.