क्लायंटला "येऊ नका" म्हणाले त्याची गोष्ट

मागच्या शुक्रवारी मी आमच्या इंग्लंडच्या क्लायंटला कॉलवर यायची बंदी घातली. म्हणजे मला घालायची नव्हती हो, मला एवढंच म्हणायचं होतं की सोमवारचा कॉल आमचा आमचा आहे, तुम्ही नाही आलात तरी चालेल. आता हे "नाही आलात तरी चालेल" इंग्रजीत कसं बसवायचं, तर हिंजवडीत संध्याकाळचे सहा वाजलेले, खाली कॅब हॉर्न मारतेय, मी सरळ गणित मांडलं की हॅव टू म्हणजेच मस्ट, मग डोन्ट हॅव टू म्हणजे मस्ट नॉट, आणि "यू मस्ट नॉट अटेंड मंडेज कॉल" असं ठोकून दिलं. खाली परत वॉर्म रिगार्ड्स.

वीस मिनिटांत उत्तर आलं. आमच्याकडून काही चूक झाली आहे का?

रविवारी सदाशिव पेठेत माहेरी गेले आणि बाबांना सांगितलं. बाबांनी आख्खी नोकरी शाळेत इंग्रजी शिकवण्यात घालवली, त्यामुळे त्यांना वाईट वाटण्याऐवजी आनंदच झाला, आयता विद्यार्थी मिळाला ना.

"जिन्याखाली काय पाटी आहे?"

"येथे सायकल लावू नये."

"हे मस्ट नॉट. आणि तुझी आई मला म्हणते, दळण आणायला आज नाही गेलात तरी चालेल, हे डोन्ट हॅव टू."

"पण तुम्ही तर जाताच की."

"मग! न जाऊन सांगतो कोणाला. पण ते व्याकरणात येत नाही."

मग त्यांनी माझे जुने मेल बघायला मागितले. ही माझी दुसरी चूक. एका मेलमध्ये मी लिहिलं होतं, "आय कुड फिक्स द इश्यू यस्टरडे." त्यावर क्लायंटने विचारलेलं, मग का नाही केलं? आणि मी दोन दिवस चिडलेले, की अरे केलंय म्हणूनच तर सांगतेय ना बाबा. शाळेत वहीत लिहून दिलेलं, कॅन म्हणजे शकतो, कुड म्हणजे शकलो, विषय संपला. तर तसं नसतं म्हणे. लहानपणी मला झाडावर चढता यायचं, ह्याला कुड चालतं. पण काल एक काम जमलं, एकदाच, तर तिथे वॉज एबल टू नाहीतर मॅनेज्ड टू लागतं, नुसतं कुड वाचून समोरच्याला वाटतं की जमलं असतं पण बाईंनी मनावर घेतलं नाही. आणि नाही जमलं तर मात्र कुडन्ट बिनधास्त. म्हणजे अपयशाला सूट आणि यशाला जीएसटी.

वुडचं तर विचारूच नका. "आय वुड बी ऑन लीव्ह टुमॉरो" हे आमच्या फ्लोअरवर सगळे लिहितात, विल जरा उद्धट वाटतं म्हणून. बाबा म्हणाले, वुड आलं की इंग्रज पुढच्या 'जर'ची वाट बघत बसतो. रजेवर असते, जर काय? जर बॉसने दिली असती तर?

असे मुख्य 9 मोडल (म्हणजे सहाय्यक क्रियापदं) आहेत, कॅन कुड मे माईट शॅल शुड विल वुड मस्ट. ह्यांना एस लागत नाही, पुढे टू लागत नाही, दोन शेजारी बसत नाहीत (पेठेतलेच असावेत), आणि मस्टला तर स्वतःचा भूतकाळही नाही, जावं लागलं म्हणायचं तर हॅव टूकडून हॅड टू उसनं आणायचं.

एक मात्र मला पटकन समजलं. "तो घरी असणार" म्हणजे मस्ट बी, कारण चप्पल दारात दिसतेय. "असेल" म्हणजे मे बी. आणि "छे, घरी असणं शक्यच नाही" ह्याला मस्ट नॉट नाही, कान्ट बी. आणि माईट? बाबा खिडकीतून आभाळ बघत म्हणाले, "पडला तर पडला."

हे एवढं डोक्यात पक्कं बसवून सोमवारी ऑफिसला गेले, क्लायंटला माफीचा मेल लिहिला, सोबत रिपोर्ट जोडला. दहा मिनिटांत उत्तर, "यू माईट वॉन्ट टू चेक द अटॅचमेंट." माईट! म्हणजे बघितलं तर बघितलं, नाही बघितलं तरी चालेल. मी निवांत खाली जाऊन चहा प्यायले, वर क्रीमरोल खाल्ला.

परत आले तर मॅनेजर माझ्या खुर्चीशी उभा. इंग्रज माणूस माईट वॉन्ट टू म्हणतो तेव्हा तो "बाई, आत्ताच्या आत्ता बघा" असं ओरडत असतो, हे बाबांनी सांगितलं नव्हतं. रिपोर्टच्या जागी आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीची फाईल गेलेली, फ्लॅट नंबर आणि रक्कम, आणि थकबाकीदार लाल रंगात.

खाली क्लायंटची अजून एक ओळ होती. बी 402 ने अजून पैसे का दिलेले नाहीत?

बी 402 आमचाच आहे.