घुसखोर कोण, हे ठरवायचं कसं?

सोसायटीच्या, नातेवाइकांच्या, शाळासोबत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येतो. त्याचा सारांश असा : राज्यघटना भारतीयांसाठी आहे, घुसखोराला तिचं संरक्षण नाही. ज्याच्याकडे कागद नाहीत त्याला उचलावं आणि रातोरात सीमेपलीकडे सोडावं. खऱ्या भारतीयाला यात घाबरण्यासारखं काही नाही. सुनावणी, वकील, कोर्ट हा सगळा वेळकाढूपणा. कोर्टांमुळेच हे लोक इथे टिकून राहतात. आणि अमेरिका बघा, तिथे विमानं भरून परत पाठवतात, कोणी विचारत नाही.

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांमधले अनेक जण माझ्या ओळखीचे आहेत आणि भली माणसं आहेत. त्यांची चिंता खोटी नाही. सीमेवरचे दलाल, पैसे मोजून काढलेली आधार कार्डं, बनावट दाखले हे सगळं घडतं. परदेशी माणसाला देशात राहू द्यायचं की नाही हे ठरवण्याचा अधिकार सरकारचाच आहे, हेही मला मान्य आहे. पण या मजकुरातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि त्याची किंमत मोजणारी माणसं आपल्याच देशातली आहेत.

पहिलं विधान : घटना फक्त नागरिकांसाठी आहे.

नाही. घटनेने दोन प्रकारचे हक्क वेगवेगळे ठेवले आहेत. भाषण, संचार, देशात कुठेही वास्तव्य हे कलम १९ मधले हक्क नागरिकांचे आहेत. कायद्यापुढील समानता देणारं कलम १४ आणि जीवित व स्वातंत्र्याचं रक्षण करणारं कलम २१ कोणत्याही व्यक्तीला लागू आहे. कलम २२ तर याहून स्पष्ट आहे. अटक केलेल्या माणसाला अटकेचं कारण सांगा, वकील गाठू द्या, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा, असं ते बजावतं. डॉ. आंबेडकरांनी ही तरतूद सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत मांडली. तिच्या अपवादांपैकी एक असा : शत्रुदेशाच्या नागरिकाला हे संरक्षण नाही. आता विचार करा. परदेशी माणसाला मुळातच संरक्षण नसतं, तर शत्रुदेशाच्या नागरिकाला वेगळं काढून वगळण्याची गरज का पडली असती? घटनाकारांपुढे परदेशी माणूस होता, फाळणीनंतर सीमा ओलांडून येणारे लोंढे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, आणि तरीही त्यांनी हे लिहिलं.

सर्वोच्च न्यायालयाची भूमिकाही गेली सात दशकं याच मार्गावर आहे. १९५५ मध्ये हान्स म्युलर या जर्मन माणसाच्या खटल्यात न्यायालयाने म्हटलं की परदेशी व्यक्तीला देशाबाहेर काढण्याचा केंद्र सरकारचा अधिकार अनिर्बंध आहे. १९९१ मध्ये लुई द राएत यांच्या प्रकरणात तेच पुन्हा सांगितलं. सोबत हेही सांगितलं की परदेशी माणसाला कलम २१ चं संरक्षण आहे, मात्र इथे स्थायिक होण्याचा हक्क नाही. १९९६ मध्ये अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांना हुसकावून लावण्याच्या धमक्या मिळत होत्या, तेव्हा नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जिवाचं रक्षण करणं राज्याला बंधनकारक आहे, असा निर्णय दिला. २०२१ मध्ये जम्मूतल्या रोहिंग्यांची सुटका करायला न्यायालयाने नकार दिला, पण विहित पद्धत पाळल्याशिवाय त्यांना पाठवता येणार नाही, असंही बजावलं.

म्हणजे बाहेर काढण्याचा अधिकार सरकारकडे भरपूर आहे. फक्त तो अधिकार परदेशी माणसावर चालतो. समोरचा माणूस परदेशी आहे हे आधी ठरावं लागतं, आणि सगळं अडतं ते तिथेच.

दुसरं विधान, ज्यावर बाकीचं सगळं उभं आहे : खऱ्या भारतीयाला घाबरायचं कारण नाही.

जून २०२५ मध्ये आपल्याच मुंबई-ठाणे पट्ट्यातून काही बांधकाम मजूर पोलिसांनी बांगलादेशी असल्याच्या संशयावरून उचलले. त्यात मीरा रोडवर गवंडीकाम करणारा मुर्शिदाबादचा एक माणूस होता. घरच्यांनी कागदपत्रं पाठवली, पश्चिम बंगालच्या यंत्रणेने महाराष्ट्र पोलिसांशी संपर्क साधला. तरीही त्यांना सीमा सुरक्षा दलाच्या हवाली करून बांगलादेशात ढकललं गेलं. काही दिवसांतच ते भारतीय असल्याचं मान्य करून त्यांना परत आणावं लागलं. पोटासाठी आपल्या इमारती बांधायला आलेले भारताचे नागरिक, रात्रीच्या अंधारात, दुसऱ्या देशाच्या शेतात उभे. त्यांचा अपराध एवढाच की ते बंगाली बोलत होते.

त्याच महिन्यात दिल्लीतून बीरभूम जिल्ह्यातली दोन कुटुंबं उचलली गेली. त्यांत एक गरोदर बाई आणि तिचा लहान मुलगा होता. पकडल्यापासून काही दिवसांत ते सीमेपलीकडे. बांगलादेशने त्यांना घुसखोर म्हणून तुरुंगात टाकलं. म्हणजे इथे बांगलादेशी आणि तिथे भारतीय! केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २ मे २०२५ च्या सूचनेत अशा संशयिताची त्याच्या मूळ राज्याकडून तीस दिवसांत चौकशी करून घेण्याची तरतूद आहे. ती पाळली गेली नाही, म्हणून कोलकाता उच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये हद्दपारी रद्द केली आणि त्यांना परत आणायला सांगितलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सरकारने आपला वाद राखून ठेवत, मानवतेच्या आधारावर, डिसेंबरमध्ये त्या बाईला आणि मुलाला परत आणलं. तेव्हा तिचे दिवस भरत आले होते.

हे २०२५ मध्येच सुरू झालं असंही नाही. जुलै १९९८ मध्ये मुंबईतून बांगलादेशी ठरवलेल्या जरीकामगारांना रेल्वेने बंगालकडे नेलं जात असताना उलुबेडिया स्थानकात जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवलं होतं. हे आपलेच लोक आहेत असं बंगालमध्ये म्हटलं जात होतं. सत्तावीस वर्षांनी तोच शहरपट्टा आणि तोच संशय.

“पण कागद असले की झालं,” असं लगेच म्हटलं जातं. कोणते कागद? ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्यातल्या एका आरोपीला जामीन नाकारताना मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की केवळ आधार, पॅन, मतदार ओळखपत्र असल्याने कोणी भारताचा नागरिक होत नाही. कायद्याने ते बरोबर आहे. आधार हा रहिवासाशी जोडलेला क्रमांक आहे, नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. आधारचा कायदाच तसं सांगतो. नागरिकत्व ठरतं १९५५ च्या कायद्याने. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलात तर जन्माने नागरिक. त्यानंतर जन्मलात तर आई किंवा वडील नागरिक असल्याचं दाखवावं लागतं. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलात तर एक पालक नागरिक असावा आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्या तिशीतल्या मुलाने शांतपणे बसून पाहावं की आई-वडिलांच्या जन्माचा, १९८७ च्या आधीचा कोणता कागद आज संध्याकाळपर्यंत तो पोलीस ठाण्यात हजर करू शकतो.

आपल्या घरांतली परिस्थिती आपल्याला ठाऊक आहे. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती तारीख लावली. दाखल्यावर एक तारीख, आजीच्या बोलण्यात “दुष्काळाच्या वर्षी, पोळ्याच्या आदल्या दिवशी”. लग्नानंतर बाईचं आडनावच काय, कित्येकींचं पाळण्यातलं नावही बदललं. माहेरच्या रेशन कार्डावर एक बाई, सासरच्या सातबाऱ्यावर दुसरी. भटक्या-विमुक्तांच्या पालांवर तर आजही जातीच्या दाखल्यासाठी जुना पुरावा मागितला की माणसं हात हलवत परत येतात. गावोगाव हिंडणाऱ्याच्या जन्माची नोंद कोणत्या ग्रामपंचायतीने करायची होती? या सगळ्यांना आपण खरे भारतीयच म्हणतो ना?

आसामात अशाच फरकांनी माणसं परदेशी ठरली. नलबारीचे रहीम अली यांना २०१२ मध्ये, कोण परदेशी हे ठरवणाऱ्या तिथल्या न्यायाधिकरणाने त्यांच्या गैरहजेरीत परदेशी ठरवलं. कागदांवर नावांच्या स्पेलिंगमध्ये आणि तारखांमध्ये तफावत होती. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि त्यांना भारतीय ठरवलं. स्पेलिंगमधला किरकोळ फरक हा परदेशीपणाचा पुरावा होत नाही, आणि हाताशी काही ठोस आधार असल्याखेरीज कोणालाही परदेशी म्हणून “आता सिद्ध कर” असं म्हणता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. निकाल आला तेव्हा रहीम अली हयात नव्हते. बारा वर्षं लागली, आणि हा तो माणूस ज्याला कोर्ट मिळालं. मजकूर म्हणतो तसं झालं असतं तर ही चूक कोणाला कळलीही नसती.

आपला कायदा आधीच सरकारच्या बाजूने झुकलेला आहे, हे इथे सांगायला हवं. चोरीच्या खटल्यात गुन्हा पोलिसांनी सिद्ध करायचा असतो. परदेशी असल्याच्या आरोपात आपण परदेशी नाही हे माणसाने स्वतः सिद्ध करायचं असतं. १९४६ च्या कायद्यात तसंच होतं, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या इमिग्रेशन कायद्यातही तसंच आहे. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय देशात शिरणाऱ्याला या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. इतकी ताकद सरकारच्या हाती आहेच. सुनावणी तेवढी उरली आहे, आणि मजकुराला तीही नको आहे.

तिसरं विधान : कोर्टांमुळे घुसखोर इथे टिकतात.

वस्तुस्थिती पाहा. फेब्रुवारी २०२५ मध्ये आसामच्या मटिया छावणीत ठेवलेल्या, परदेशी ठरलेल्या ६३ जणांना अजून का पाठवलं नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयानेच आसाम सरकारला धारेवर धरलं. न्यायमूर्ती अभय ओक यांनी विचारलं की मुहूर्ताची वाट पाहताय का. सरकारची अडचण होती की त्या लोकांचा परदेशातला पत्ता माहीत नाही. तिथे अडवणारं कोर्ट नव्हतं.

खरा अडसर दुसऱ्या देशाच्या होकाराचा आहे. माणूस आपला आहे हे त्या देशाने मान्य केलं की परत पाठवणी होते. मे २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं की बांगलादेशकडे २,३६० हून अधिक लोकांची राष्ट्रीयत्व-पडताळणी प्रलंबित आहे, काहींची तर २०२० पासून. हा ढाक्याचा वेळकाढूपणा आहे, आणि भारताने त्याबद्दल कठोर व्हायलाच हवं. पण ढाक्याच्या दिरंगाईची शिक्षा मुर्शिदाबादच्या गवंड्याला कशी देता येईल? शिवाय अंधारात ढकललेल्या माणसाची पलीकडे नोंद होत नाही. तो खरोखर बांगलादेशी असेल तर त्याला परत यायला तीच फट मोकळी आहे, आणि त्याला आणणारा दलाल इथेच आहे.

चौथं, अमेरिका.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यात तिघे महाराष्ट्राचे होते. हातापायांत बेड्या पाहून आपल्यातल्या अनेकांना, हा मजकूर पाठवणाऱ्यांनाही, संताप आला. तो संताप योग्य होता. दुसऱ्याच दिवशी राज्यसभेत परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी सांगितलं की बेकायदा राहणाऱ्या आपल्या नागरिकांना परत घेणं हे प्रत्येक देशाचं कर्तव्य आहे. मात्र तो माणूस खरंच भारतीय आहे याची खात्री करूनच परत घेऊ, ही भारताची कायमची भूमिका आहे. जी खात्री आपण वॉशिंग्टनकडून मागतो, ती ढाक्याच्या बाबतीत निरुपयोगी कशी ठरते?

आणि तिथे कोणी विचारत नाही हेही खरं नाही. ट्रम्प सरकारने शत्रुदेशाच्या नागरिकांविषयीचा १७९८ चा कायदा वापरून व्हेनेझुएलाच्या लोकांना एल साल्वादोरच्या तुरुंगात धाडलं, तेव्हा ७ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा माणसाला आधी नोटीस आणि आव्हान देण्याची संधी मिळालीच पाहिजे. त्याच लाटेत मेरीलंडमधल्या एका माणसाला, त्याला एल साल्वादोरला पाठवू नये असा २०१९ चा आदेश असताना, तिथेच पाठवलं गेलं. सरकारी वकिलांनी चूक कबूल केली, न्यायालयाने त्याला परत आणण्याची सोय करायला सांगितलं, आणि जूनमध्ये तो परत आला. मराठी घरांतली कितीतरी मुलं आज तिकडे व्हिसावर आहेत. त्यांच्यापैकी एकाच्या कागदात चूक निघाली तर त्याला सुनावणी मिळावी असं त्याच्या आईला वाटणार नाही का?

मग करायचं काय, असं विचारणाऱ्यांसाठी : नवं काही शोधायचं नाही. संशयित पकडला की घरच्यांना कळवा. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्या. त्याने सांगितलेल्या जिल्ह्याकडे विचारणा करा. गृहमंत्रालयाने त्यासाठी तीस दिवस दिलेलेच आहेत. उत्तर फाइलवर ठेवा. परदेशी ठरला तर लेखी आदेश काढा, त्याची प्रत त्याच्या हातात द्या, आणि मग उघडपणे, नोंद करून, त्याच्या देशाच्या ताब्यात द्या. ज्या मजुरांना चुकून ढकललं गेलं, त्यांच्या बाबतीत सहीचा अधिकारी कोण होता आणि त्याला कोणी जाब विचारला, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक आमदाराला विधानसभेत विचारता येतो. त्यासाठी आपल्या मतदारसंघातून चार पत्रं जायला हवीत. माझं गेलं आहे.